एस्टिमेट आणि साइटच्या कामासाठी सॉफ्टवेअर : लहान कंत्राटदाराने काय बघून घ्यावं?

फूटपट्टी

नमस्कार मंडळी,

आमचं कंत्राटाचं काम लहान आहे. घरांच्या दुरुस्त्या, वाढीव खोल्या, वर्षाकाठी एखादं नवं घर. एका वेळी तीन-चार साइट चालू असतात. साइट नवरा बघतो. मोजमापं, एस्टिमेट, बिलं आणि पार्टीशी बोलणं माझ्याकडे. आजवर सगळं एक्सेलवर चालवलं.

दोन महिन्यांपूर्वी एका दुरुस्तीचं एस्टिमेट दिलं. पार्टीने शेवटच्या दिवशी गच्चीचं वॉटरप्रूफिंग वाढवलं. मी ती ओळ यादीच्या तळाशी घातली आणि बेरजेच्या सूत्राने ती घेतलीच नाही. ओळ दिसत होती, रक्कम दिसत होती, खालचा एकूण आकडा मात्र जुनाच. त्या आकड्यावर सह्या झाल्या. शब्द दिला होता, म्हणून वॉटरप्रूफिंग आम्ही पदरमोड करून पूर्ण केलं. त्या कामात आमच्या हातात काहीच उरलं नाही.

आता सॉफ्टवेअर घ्यायचंच असं ठरवलंय. पण बघायला गेले तर एस्टिमेटचं वेगळं, नकाशावरून मोजमाप काढायचं वेगळं, साइट सांभाळायचं वेगळं, आणि सगळं एकत्र देतो म्हणणारेही आहेत. प्रत्येकाची वैशिष्ट्यांची यादी हातभर लांब. काही जण माणशी पैसे घेतात, काही कितीही माणसं चालतील म्हणतात. आमचे मुकादम फोन वापरतात, पण फॉर्म भरत बसणार नाहीत.

एकत्र घ्यावं की वेगवेगळं? आणि निवडताना नेमकं काय तपासावं? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओळंबा

ताई, तुमची चूक फार जुनी आहे, मनाला लावून घेऊ नका. १९८० च्या दशकात फ्लोरिडातल्या एका बांधकाम कंपनीने लोटसच्या सिम्फनी या प्रोग्रॅमवर निविदा तयार केली होती. सर्वसाधारण खर्चाचे २,५४,००० डॉलर मागाहून एक ओळ घालून वाढवले आणि ते बेरजेत आलेच नाहीत. काम मिळालं, तेही तेवढ्या रकमेने कमी दराने. कंपनीने लोटसवर दावा लावला, पुढे तो मागे घेतला. म्हणजे अगदी तुमचंच प्रकरण.

पण एक सांगतो. या एका घावावरून सॉफ्टवेअर निवडू नका. बेरीज चुकली म्हणून बेरीज न चुकवणारं सॉफ्टवेअर घ्याल, आणि पैसा भलतीकडूनच गळत असेल. आधी मागची पाच पूर्ण झालेली कामं काढा. प्रत्येकाचं एस्टिमेट आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडा. जिथे फरक मोठा आहे तिथे कारण लिहा: मोजमाप चुकलं, दर चुकला, मजुरीचे दिवस वाढले, माल वाया गेला, जादा काम केलं पण बिल लावलं नाही, की वेळ लांबला. दोन संध्याकाळी लागतील. हे हातात घेऊन परत या, मग बोलू. तोपर्यंत कोणाचाही डेमो बघू नका. डेमोत सगळंच चांगलं दिसतं.

बिंदूरेषा

मी नकाशावरून परिमाणं काढायचं काम करते, त्यामुळे तेवढ्यावरच लिहिते.

पडद्यावर पीडीएफ उघडून भिंती-फरशी मोजणारं साधन घेतलंत, तर पहिल्या दिवसापासून एक सवय लावा: प्रत्येक पानावर प्रमाण स्वतः बसवायचं. नकाशावर लिहिलेलं १:१०० हे ज्या आकाराच्या कागदासाठी होतं त्याच आकारात फाइल असेल तरच खरं. ए३ चा नकाशा कोणी ए४ वर बसवून पीडीएफ केला, तर प्रत्येक लांबी सुमारे ७१ टक्के मोजली जाते आणि क्षेत्रफळ थेट निम्मं. एवढी मोठी चूक निदान डोळ्याला खटकते. खरी घातक ती लहान चूक. लांबी ३ टक्के कमी धरली गेली तर क्षेत्रफळ जवळजवळ ६ टक्के कमी येतं, आणि तिन्ही मापं नकाशावरूनच घेतली असतील तर घनफळ ९ टक्क्यांच्या आसपास कमी. ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लिहिलेलं माप असलेली सगळ्यात लांब रेघ धरून प्रमाण बसवायचं, आणि मग आडवी-उभी एकेक रेघ मोजून पडताळायची. स्कॅन केलेले नकाशे कधी कधी एकाच दिशेने ताणलेले असतात.

दुसरं म्हणजे सुधारित नकाशा. आर्किटेक्ट तिसरा नकाशा पाठवतो तेव्हा जुना आणि नवा एकावर एक ठेवून फरक रंगात दाखवणारी सोय असावी. ब्लूबीमसारख्या साधनांत ती आहे. माझा सगळ्यात जास्त वेळ याच सोयीने वाचवलाय, मोजणीच्या वेगाने नाही.

अवांतर: दारं-खिडक्या आपोआप मोजून देणारी नवी साधनं आली आहेत. मी त्यांचा आकडा पडताळायला वापरते, त्यावर बिल कधीच लावत नाही.

फूटपट्टी

ओळंबा दादा, तुम्ही सांगितलं तसं बसले. दोन नाही, चार संध्याकाळी गेल्या, कारण प्रत्यक्ष खर्च कामवार लिहिलेलाच नव्हता. मालाची बिलं एका फाइलीत, मजुरी नवऱ्याच्या डायरीत, किरकोळ खर्च कुठेच नाही. तरी जमेल तसं मांडलं.

मोजमापं जवळजवळ बरोबर निघाली! मला वाटत होतं तिथेच घोटाळा असेल. सिमेंट, सळई, विटा, टाइल सगळं आटोक्यात. तोटा दोन जागी आहे. एक, जुनं तोडायची आणि राडारोडा हलवायची मजुरी. पाचही कामांत अंदाजापेक्षा जास्त, एका ठिकाणी दुपटीच्या वर. दोन, जादा कामं. “जरा हा प्लग इकडे घ्या”, “हा कोनाडा बुजवा” अशी कामं आम्ही करून दिली आणि अर्ध्यांचं बिलच नाही. डायरीत नोंद आहे, पार्टीची सही नाही. एका कामात अशी १४ जादा कामं सापडली, त्यातली ५ बिलात होती.

वॉटरप्रूफिंगची चूक लाजिरवाणी होती, पण याच्या तुलनेत ती लहानच म्हणायची.

आकडेमोड

तुमचा हा प्रतिसाद वाचून बरं वाटलं, कारण आता प्रश्न नेमका झाला. मी लहान कंत्राटदारांचे हिशेब बघतो. बहुतेकांकडे एस्टिमेट असतं, हिशेबही असतो, पण दोघांची भाषा वेगळी असते. एस्टिमेटमध्ये “पहिल्या मजल्याचं प्लास्टर”, हिशेबात “सिमेंट खरेदी”. हे दोन जुळवणार कसे? सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, कामाचे संकेतांक एकच ठेवा. तोडकाम १०, खोदाई २०, काँक्रीट ३०, असे. एस्टिमेटची ओळ, खरेदीची पावती, मजुराचा दिवस, सगळ्यावर तोच आकडा. मास्टरफॉरमॅट नावाची बांधकामातल्या कामांची प्रसिद्ध वर्गवारी आहे. तिचे पूर्वी १६ विभाग होते, २००४ मध्ये ते ५० पर्यंत वाढवले. लहान कामाला तेवढं लागत नाही. २० संकेतांक पुरतात. जास्त केलेत तर साइटवरचा माणूस सगळं “इतर” मध्ये टाकेल.

आणि सॉफ्टवेअर बघताना प्रत्येक संकेतांकासमोर ठरवलेली रक्कम, दिलेली रक्कम आणि बांधलेली रक्कम असे तीन वेगळे रकाने दिसतात का ते बघा. बांधलेली म्हणजे ऑर्डर दिली, शब्द दिला, पण बिल यायचंय. टाइलसाठी १०० ठरवले, ४० दिले, म्हणून ६० शिल्लक असं वाटतं. पण ५५ ची ऑर्डर गेलेली असते. शिल्लक ५ च. ज्या सॉफ्टवेअरला हे दाखवता येत नाही, ते तुम्हाला तोटा काम संपल्यावर सांगेल. तेव्हा ऐकून काय करणार?

आता नफ्याच्या टक्क्यांबद्दल, कारण इथे सॉफ्टवेअरही लोकांना फसवतं. खर्चावर २० टक्के चढवणं आणि विक्रीत २० टक्के राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्च ८० असेल आणि त्यावर २० टक्के चढवले तर किंमत ९६ होते, म्हणजे किमतीच्या १६.६७ टक्केच राहिले. किमतीत २० टक्के हवे असतील तर खर्चावर २५ टक्के चढवावे लागतात, २५ हवे असतील तर ३३.३३. ऑफिसचा खर्च आणि नफा मिळून किमतीच्या २० टक्के धरत असाल, तर साइटच्या खर्चाला ०.८० ने भागायचं, १.२० ने गुणायचं नाही. डेमो देणाऱ्याला विचारा, “तुमच्या या चौकटीतली टक्केवारी खर्चावर की किमतीवर?” त्याला लगेच सांगता आलं नाही तर स्वतः ८० टाकून बघा.

थापी

मी मुकादम होतो, आता चार साइटवर सुपरवायझर आहे. वर सगळे ऑफिसच्या खुर्चीतून लिहितायत, म्हणून आमची बाजू मांडतो.

आमच्या मालकाने आधी जे घेतलं होतं, त्यात रोजची नोंद करायला नऊ पडदे होते. हवामान, मजूर, यंत्रं, माल, पाहुणे, सुरक्षा... पहिला आठवडा भरलं. मग संध्याकाळी घरी बसून आठवेल ते भरायला लागलो. मग एकाने भरलं की बाकीचे तेच उतरवायला लागले. मालकाला वाटत होतं नोंद पक्की आहे. ती नोंद खोटी होती, आणि ती आमच्या हातून खोटी झाली याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतरच्या ॲपमध्ये मालकाने तीनच गोष्टी ठेवल्या. आज किती माणसं, कोणत्या कामावर. दोन फोटो. आणि जादा काम कोणी सांगितलं असेल तर ते बोलून टाकायचं, टाइप करायचं नाही. दीड मिनिटात होतं. ते आम्ही रोज करतो, आणि खरं करतो.

विकत घेण्याआधी ॲप साइटवर न्या. तळघरात, जिथे रेंज नसते तिथे नोंद करा आणि वर आल्यावर ती आपोआप गेली का बघा. काही ॲप म्हणतात रेंजशिवाय चालतं, पण फक्त जुनं बघायला मिळतं, नवीन लिहिता येत नाही. उन्हात पडदा वाचता येतो का बघा. मराठीत लिहिलेलं पीडीएफमध्ये उतरताना अक्षरं फुटत नाहीत ना, तेही. आमच्या एका ॲपमध्ये जोडाक्षरांचे तुकडे व्हायचे आणि पार्टीला रिपोर्ट पाठवायची सोय राहायची नाही.

ताई, तुमच्या साहेबांची डायरी चालू आहे ना? मग ॲपने आधी फक्त डायरीची जागा घ्यावी. बाकीचं पुढे बघा.

रंधा

मी फर्निचर आणि अंतर्गत सजावटीची कामं घेतो. माझा अनुभव कडू आहे, पण कामाला येईल.

तीन वर्षांपूर्वी सगळं एकत्र देणारं एक मोठं सॉफ्टवेअर वर्षभराच्या कराराने घेतलं. नाव लिहीत नाही. एस्टिमेट, वेळापत्रक, पार्टीसाठी स्वतंत्र खिडकी, खरेदी, सगळं होतं. वर्षाच्या शेवटी हिशेब केला तर आम्ही फक्त एस्टिमेट आणि फोटो वापरत होतो. सोडायचं ठरवलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. करार संपण्याआधी ठरावीक दिवसांत लेखी कळवलं नाही तर तो आपोआप पुढच्या वर्षाला लागू होतो, आणि ते दिवस उलटून गेले होते. दुसरं जास्त लागलं. आमची एस्टिमेटं पीडीएफमध्ये निघत होती, पण त्यामागे आम्ही बसवलेले दर, एका कपाटाला किती प्लाय, किती बिजागऱ्या, किती तास, हे निघतच नव्हतं. वर्षभराचं डोकं आत अडकलं. मुलगा आणि मी बसून ते परत टाइप केलं.

म्हणून चाचणीच्या काळातच सगळं बाहेर काढून बघा. दरांची यादी, एका कामामागचे घटक, फोटो तारखेसकट, सह्या केलेली जादा कामं. सीएसव्ही किंवा एक्सेलमध्ये निघालं आणि ते उघडून समजलं, तरच पुढे.

ओळंबा

रंधा, हे फार मोलाचं सांगितलंत. त्यात एवढंच जोडतो की सॉफ्टवेअर चांगलं असलं तरी मालक बदलतो. वेळापत्रकाचं प्रायमाव्हेरा १९८३ साली सुरू झालं, २००८ मध्ये ऑरॅकलने घेतलं. साइटवर नकाशे दाखवणारं प्लॅनग्रिड २०१८ मध्ये ऑटोडेस्ककडे गेलं. घरं बांधणाऱ्यांमध्ये वापरलं जाणारं कोकन्स्ट्रक्ट २०२१ मध्ये बिल्डरट्रेंडने घेतलं, म्हणजे ज्यांनी या दोघांत तुलना करून एक निवडलं होतं ते एकाच घरात आले. आपली माहिती आपल्याला कधीही उचलता आली पाहिजे.

आता फूटपट्टी ताईंच्या प्रश्नाकडे. एकत्र की वेगळं? तुमच्या पाच कामांनी उत्तर दिलंय. मोजमापं बरोबर आहेत, तेव्हा महागडं मोजमापाचं साधन आत्ता नको. तुम्हाला हवंय ते हे: जादा कामाची सही जागेवर घेता यावी, आणि मजुरीचे दिवस एस्टिमेटच्याच संकेतांकावर चढावेत. वेळापत्रकासाठीही लगेच पैसे घालू नका. क्रिटिकल पाथची पद्धत, म्हणजे कोणती कामं लांबली तर सगळंच लांबतं हे शोधणारी, ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड यांनी १९५७ च्या सुमाराला रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी बसवली. तुमच्या दुरुस्तीच्या कामात पुढच्या तीन आठवड्यांची पट्टी आणि मागवायच्या मालाच्या तारखा पुरतात. खिडक्या यायला सहा आठवडे लागणार असतील तर ऑर्डरची तारीख हेच तुमचं वेळापत्रक. गँटप्रोजेक्ट आणि प्रोजेक्टलिब्रे ही वेळापत्रकाची सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यावर आधी हात बसवा.

निवड करताना मात्र एक कसोटी सोडू नका. आपलं पूर्ण झालेलं, तोट्यात गेलेलं एक काम घ्या आणि ते त्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवा. एस्टिमेट, दोन सुधारणा, जादा कामं, खरेदी, शेवटचं बिल. विकणाऱ्याला करू देऊ नका, तुम्ही करा. काम कोणत्या आठवड्यात तोट्याकडे झुकलं हे त्याने दाखवलं का? ते दाखवत असेल तर बाकीच्या उणिवा चालवून घ्या.

तयार दर आणि तयार घटक आलेले असतात त्यांच्यावर विसंबू नका. एक सोपी परीक्षा: ६ मीटर बाय ४ मीटर, १५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब, सिमेंट, वाळू, खडी यांचं १:१.५:३ मिश्रण. काँक्रीट ३.६ घनमीटर. कोरड्या मालासाठी १.५४ ने गुणलं तर ५.५४, त्यात सिमेंटचा वाटा साडेपाचातला एक, म्हणजे सुमारे १ घनमीटर. १४४० किलो घनमीटरला धरले तर ५० किलोच्या २९ गोण्या. सॉफ्टवेअरने १९ सांगितल्या तर ते १.५४ ने गुणायचं विसरलंय. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८९ किलो यायला हवी, व्यासाचा वर्ग भागिले १६२. आतला आकडा बघता आणि बदलता येत नसेल तर ते घेऊ नका, मग ते कितीही देखणं असो.

पाटीपेन्सिल

माझं मत वेगळं आहे. फूटपट्टी ताईंना सॉफ्टवेअरची गरजच नसावी. तीन-चार साइट आणि एकच एस्टिमेट करणारी व्यक्ती. यादीचं एक्सेलमध्ये टेबल करा, कंट्रोल-टी दाबून. खाली नवी ओळ घातली की ते आपोआप वाढतं, आणि बेरीज टेबलाच्या रकान्यावर लावली की ओळ सुटत नाही. दरांची यादी वेगळ्या पानावर. आणि दुसऱ्या बाजूने एक ताळा: खोल्यांप्रमाणे बेरीज आणि कामांप्रमाणे बेरीज सारखी आली नाही तर खाना लाल.

सॉफ्टवेअर घेतलं तरी चुकीचा आकडा आत जातोच. एडिंबरातलं लहान मुलांचं नवं रुग्णालय जुलै २०१९ मध्ये उघडायच्या अगदी तोंडावर थांबवावं लागलं. अतिदक्षता विभागाच्या खोल्यांत तासाला १० वेळा हवा बदलायला हवी होती, तक्त्यात ४ लिहिलं होतं, आणि ती चूक २०१२ च्या एका स्प्रेडशीटपासून चालत आली होती. इतकी वर्षं इतक्या लोकांच्या हातून तो तक्ता गेला! तेव्हा पाठवण्याआधी दुसऱ्या माणसाने एस्टिमेट वाचलंच पाहिजे. तुमच्या घरात तो दुसरा माणूस आहे.

आकडेमोड

पाटीपेन्सिल, एस्टिमेटपुरतं पटलं. पण जादा कामाची सही एक्सेल कशी घेणार? साइटवर, त्याच क्षणी, काम सुरू व्हायच्या आधी? गळती तिथे आहे.

पाटीपेन्सिल

ते मान्य. तेवढ्यासाठी वेगळं साधन घ्यावं लागेल.

फूटपट्टी

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. सगळ्यांचे प्रतिसाद छापून भिंतीवर लावले होते.

तोट्यात गेलेलं एक काम घेऊन तीन सॉफ्टवेअरवर चालवलं. पहिल्यात एस्टिमेट सुंदर झालं, पण जादा काम मूळ एस्टिमेटमध्येच मिसळून जायचं. मूळ किती आणि वाढलं किती हे वेगळं राहत नव्हतं. दुसऱ्यात सगळं होतं, पण दरांमागचे घटक बाहेर निघाले नाहीत. रंधा, तुमची आठवण झाली. तिथेच थांबले. तिसरं दिसायला साधं आहे, नकाशावर मोजता येत नाही, वेळापत्रकही जेमतेम. पण जादा काम बोलून टाकता येतं, त्याची रक्कम आणि वाढणारे दिवस लिहून पार्टीच्या फोनवर जातं, तिथेच सही होते. मजुरीचे दिवस संकेतांकावर चढतात. जुन्या कामाची डायरी त्यात भरली तेव्हा तिसऱ्या आठवड्यातच तोडकामाचा रकाना लाल झाला. प्रत्यक्षात ते आम्हाला चौथ्या महिन्यात कळलं होतं.

तेच घेतलं, महिन्याच्या बोलीवर. एस्टिमेट अजून एक्सेलमध्येच, पाटीपेन्सिलनी सांगितल्यासारखं टेबल करून. संकेतांक २० ठेवायचे होते, २२ झाले. आणि टक्केवारी! मी इतकी वर्षं १.२० ने गुणत होते. आता भागते.

नव्या साइटवर गेल्या तीन आठवड्यांत ९ जादा कामं निघाली, ८ वर सही आहे. एका बाईंनी “लगेच सही मागता म्हणजे विश्वास नाही का?” असं विचारलं, आणि नवऱ्याला काय बोलावं सुचेना. त्यांचं काम सहीशिवायच केलं. थापी दादा, तुमच्या साइटवर असं कोणी म्हटलं तर तुम्ही काय सांगता?

थापी

मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, पहिल्या दिवशी, काम सुरू व्हायच्या आधी. “तुम्ही सांगितलेलं मी विसरू नये आणि शेवटच्या बिलात तुम्हाला धक्का बसू नये, म्हणून प्रत्येक बदल फोनवर येईल.” आणि पहिला बदल मुद्दाम बिनपैशांचा पाठवतो, रंगाचा नंबर किंवा असंच काही, रक्कम शून्य. एकदा शून्यावर सही केली की पुढची सही मागायला जड जात नाही.

फूटपट्टी

सोमवारी नवी साइट सुरू होतेय. शून्याचा बदल तयार ठेवते.